पाचही वाजतायत ना, वहिनी?

धाकट्या दिरांची बंगळूरूला बदली झाली आणि त्यांचं होम थिएटर आमच्या हॉलमध्ये येऊन पडलं. एक रिसिव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरांना वाटणारी पेटी), पाच स्पीकर, एक सबवूफर आणि वायरींनी भरलेली पिशवी. जोडायला आलेल्या मुलानं तासाभरात काम उरकलं, गाणं लावलं आणि मला प्रत्येक स्पीकरपाशी उभं केलं. "पाचही वाजतायत ना, वहिनी?" वाजत होते. सातशे रुपये घेऊन तो गेला.

त्या रात्रीपासून बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, भुणभुण सुरू. वय ८१, डाव्या कानानं कमीच ऐकू येतं. "अगं, नुसता टीव्ही होता तेच बरं होतं. आता गोंगाट तेवढा वाढलाय, बोलतात काय ते कळत नाही." नवऱ्याचं निदान ठरलेलं: बाबांना नवीन काही आवडतच नाही. आठवडाभर मीही त्याचीच री ओढली.

मग एका रविवारी रिसिव्हर पुसताना त्याच्या तोंडावरची बारकी पट्टी नीट वाचली. एरवी तिथे आम्ही आवाजाचा आकडा तेवढा बघायचो. लिहिलं होतं 'पीसीएम' (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज), आणि बाजूला 'ऑल चॅनल स्टिरिओ'. म्हणजे टीव्हीकडून डावा आणि उजवा एवढे दोनच चॅनल येत होते आणि रिसिव्हर तेच पाची स्पीकरांना वाढत होता. दोघांची आमटी पाच पानांत!

खऱ्या ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर अधिक सबवूफरसाठी बनवलेल्या आवाजात, ज्याचं त्याचं काम वेगळं. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून, पाऊस-गर्दी मागच्या दोघांतून, आणि तो '.१' म्हणजे सबवूफरचा धडधडाट. आमच्याकडे मात्र नायिका टीव्हीखालून, खिडकीतून आणि बाबांच्या कानामागून एकाच वेळी रडत होती. कळणार काय, कपाळ!

मला वाटलं, वायरच चुकीची. मुलानं ऑप्टिकल, म्हणजे उजेडातून आवाज नेणारी, केबल लावली होती. पण तिच्यातून डॉल्बी डिजिटलचं, म्हणजे आवळून पाठवलेलं, ५.१ बिनतक्रार जातं; पीसीएम पाठवलं तरच दोन चॅनलवर काम भागवावं लागतं. दोष टीव्हीच्या साउंड मेनूत होता. 'डिजिटल ऑडिओ आउट' पीसीएमवरून ऑटोवर नेलं, रिसिव्हरचा तो पाची-पानी मोड काढला, ५.१ लिहिलेला सिनेमा लावला, आणि पट्टीवर डॉल्बी डिजिटल उमटलं. एवढंसं काम, आणि आठवडाभर आम्ही म्हाताऱ्या माणसाला दोष देत होतो.

पुढे ऑप्टिकलही काढलीच, कारण बाबांना दोन रिमोट झेपत नाहीत, आणि एचडीएमआय केबलनं जोडलं की टीव्हीच्या रिमोटनंच रिसिव्हरचा आवाज कमी-जास्त होतो. टीव्हीच्या तीन एचडीएमआय सॉकेटपैकी एकावरच 'एआरसी' लिहिलेलं असतं, म्हणजे टीव्हीचा आवाज उलट रिसिव्हरकडे पाठवणारं सॉकेट. रिसिव्हरच्या 'आउट'मधली केबल तिथेच लागते. शिवाय टीव्हीच्या मेनूत सीईसी, म्हणजे एका रिमोटनं दोन्ही चालवायची सोय, चालू करावी लागते, ज्याला प्रत्येक कंपनीनं आपापलं बारशाचं नाव ठेवलंय.

रिसिव्हरसोबतचा छोटा माइक सोफ्यावर ठेवून मोजणी केली, तर त्यानं पुढच्या डाव्या स्पीकरची तक्रार केली: फेज उलटा. आमच्या वायरीची एक तार तांब्याची, दुसरी चंदेरी. रिसिव्हरपाशी तांब्याची लाल खुंटीत, स्पीकरपाशी तीच काळ्यात! असं झालं की एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि दोघांतला खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो.

मालिकेचा आवाज आमच्या सेट-टॉप बॉक्समधून मुळात स्टिरिओच येतो. तेव्हा रिसिव्हर 'डॉल्बी सराउंड'वर ठेवते. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं, म्हणजे बहुधा बोलणं, तो मधल्या स्पीकरकडे खेचतो. त्या स्पीकरला मी वर तीन डेसिबलही दिलेत.

राहिला सोफा. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये तो भिंतीलाच टेकणार, मग 'मागचे' स्पीकर मागे ठेवायचे कुठे? ते बाजूच्या भिंतींवर, बसलेल्याच्या कानाच्या हातभर वर गेले. उजवीकडची वायर बाल्कनीच्या दारावरून पट्टीत फिरवली.

काल बाबांनी अख्खा एपिसोड पाहिला. संपल्यावर म्हणाले, "ऐकू येतंय आता. पण उजवीकडचा तो डबा जरा हळू कर, त्या बाजूचा कान चांगला आहे माझा."