तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो बघून माणसं का काढतो?

कागदावर माणसांची एवढी छोटी छोटी चित्रं काढता ती फोटो बघून का काढता, समोर कोणाला बसवून का नाही काढत, असं कोणी ना कोणी विचारतंच. धुळ्याकडचे आमचे एक काका तर सरळच म्हणतात, "फोटो देखीसन काढस का भो? मंग त्यामा काय शे?" तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं कारण ऊन. हसू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं, मग समोर बसवायला माणूस आणायचा कुठून? घरच्यांना बसवलं तर दोन मिनिटांत हातात मोबाईल, नाहीतर "झालं का रे?" सुरू. त्यापेक्षा कूलरपुढे बसून फोटो उघडलेला बरा.

पण खरं कारण वेगळं आहे. मला चेहरा नकोच असतो, मला बघायचं असतं की माणसाचं वजन कुठे आहे. आणि वजन बघायला माणूस क्षणभर थांबावा लागतो, तो फोटोतच थांबतो. रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरतात तेव्हाचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यातला एक मी परत परत काढतो. खांद्यावर चांगला वीस-पंचवीस किलोचा घड, खाली गोणपाटाची घडी. घडाकडचा खांदा वर चढलेला, मान दुसरीकडे कललेली, कंबर घडाच्या खाली सरकलेली आणि मोकळा हात लांब बाहेर फेकलेला. नुसता एका पायावर रेलून उभा माणूस असेल तर गळ्याच्या खळगीतून सरळ खाली रेघ सोडली की ती वजनाच्या पायाच्या घोट्याजवळ येते, हा जुना हिशोब आहे. घड घेतला की तो हिशोब बदलतो, आता तोल एकट्या माणसाचा नाही, माणूस आणि घड दोघांचा मिळून, त्यामुळे डोकं त्या रेघेच्या बाहेर जातं. हे न बघता सरळ माणूस काढून त्याच्या खांद्यावर केळी चिकटवली तर घड थर्माकोलचा वाटतो.

म्हणून साइज छोटी, पेनाच्या टोपणाएवढी. तेवढ्या जागेत नाक-डोळे बसतच नाहीत, मग लक्ष आपोआप खांदा-कंबर-पायाकडे जातं. मोठा कागद घेतला की आपण डोळ्याच्या पापण्या कोरत बसतो आणि पाय काढायला जागाच उरत नाही, हे सगळ्यांचंच होतं.

काढताना आधी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करतो, डोळे बारीक करून बघतो म्हणजे फक्त गडद-फिक्कट उरतं, मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर आणि सुरू. पहिली रेघ डोक्यापासून वजनाच्या पायापर्यंत, बाकी सगळं नंतर. प्रमाण विचाराल तर पुस्तकात आठ डोक्यांचा, म्हणजे डोक्याच्या आठपट उंचीचा, माणूस दाखवतात पण आपल्या बाजारातला माणूस सात-साडेसात डोक्यांचा असतो, आणि वर्षभराचं पोर जेमतेम चार. लुगड्यातल्या आजीचे पाय दिसत नाहीत, तिथे गुडघ्यापासून निघणाऱ्या चुण्या बघायच्या, कोणता पाय पुढे आहे ते त्या सांगतात.

फोटो खोटं बोलतो का? बोलतो ना. मोबाईल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात, आणि वरून काढला तर डोकं मोठं, पाय बारके. म्हणून तीन-चार मीटर मागे जाऊन झूम करून काढलेले फोटो घ्या. उन्हातल्या फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात, तिथे डोळ्याला दिसतं तेवढं कॅमेऱ्याला दिसत नाही, त्या काळ्या भागात काय असेल ते आपण समजून काढायचं. लग्नाचा अल्बम सरावाला अगदी बेकार, सगळे सावधानमध्ये उभे. त्यापेक्षा पंगतीत वाकून वाढणारी पोरं, नाहीतर थंडीत शेतात भरीत पार्टीला काट्या-कुट्यांवर वांगी उलटीपालटी करणारी मंडळी, ज्यांचं कॅमेऱ्याकडे लक्षच नाही असे फोटो शोधा. ओळखीच्यांचे असतील तर विचारून घ्या, नाहीतर विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या वेबसाइटवर भरपूर आहेत.

आता "ही तर कॉपी" म्हणणाऱ्यांसाठी. अजिंठा आमच्या जळगावपासून तास-दीड तासावर. तिथे रॉबर्ट गिल नावाच्या साहेबाने १८४४ पासून वर्षानुवर्षं भिंतीवरच्या चित्रांच्या नकलाच केल्या, त्यातल्या बऱ्याचशा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि ह्याच माणसाने लेण्यांचे फोटोही काढले. त्याची कबर भुसावळला आहे. नक्कल करण्यात कमीपणा असता तर त्याने आयुष्य घालवलं नसतं. फक्त चौकटी आखून, ट्रेस करून हुबेहूब उतरवणं हा वेगळा उद्योग, त्यात हात बसतो पण डोळा बसत नाही असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

आणि हो, पेन्सिल कोणती हेही विचारतात. साधी २बी, नाहीतर बॉलपेन. बॉलपेनच बरा, खोडता येत नाही. कागद म्हणून पोरांच्या संपलेल्या वह्यांची कोरी पानं वापरतो, महागाची स्केचबुक घेतली की पान वाया जाईल म्हणून हातच चालत नाही.