कानांवर काजळी लावलेले अस्वल आणि त्याचे बिल्ले

ब्रिटनमध्ये रस्त्यावर डबा घेऊन उभे राहायचे आणि धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे, ही रीत फार जुनी आहे. 1891 साली मँचेस्टरमध्ये समुद्रातील जीवरक्षक नौकांसाठी असा निधी जमवला गेला, 1912 पासून लंडनमध्ये ‘अलेक्झांड्रा रोझ डे’ला कापडी गुलाब विकले जाऊ लागले आणि पहिल्या महायुद्धात तर अशा दिवसांचा एवढा सुळसुळाट झाला की 1916 साली त्यांना आवर घालण्यासाठी कायद्यात तरतूद करावी लागली. नाणे टाकणाऱ्याच्या कोटावर लगेच कागदी झेंडा किंवा फूल टोचले जाई. ते दिसले की पुढच्या चौकातला डबेवाला त्याला सोडून देई. आपल्याकडे 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेत पैसे दिल्यावर मिळणारा छोटा झेंडा याच कुळातला आहे.

कागदी झेंडा संध्याकाळपर्यंत फाटतो, धातूचा बिल्ला मात्र टिकतो. त्यातही ज्या बिल्ल्यावर लहान मुलांचे लाडके चित्रपात्र असते तो मूल कपाटात जपून ठेवते, आणि म्हणूनच साठ-सत्तर वर्षांनंतर तो माझ्यासारख्याच्या हाती लागतो. मी लीड्सला राहतो. यॉर्कशायरमधील चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू धर्मादाय कामासाठी विकणाऱ्या दुकानांत, आणि रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात गाड्यांच्या डिकीतून जी जुनी चीजवस्तू विकली जाते तिथे, एखाद्या बिस्किटाच्या डब्यात शंभर फुटकळ बिल्ल्यांच्या तळाशी असा एखादा सापडतो.

माझा सर्वात आवडता बिल्ला सूटीचा. सूटी हे हातात घालून नाचवायचे पिवळे अस्वल. ब्रॅडफर्डच्या हॅरी कॉर्बेट यांनी 1948 साली ब्लॅकपूलच्या नॉर्थ पिअरवर ते साडेसात शिलिंगला विकत घेतले आणि पुढे कृष्णधवल दूरचित्रवाणीवर ते उठून दिसावे म्हणून त्याच्या कानांना व नाकाला काजळी फासली. 1952 साली ते बीबीसीवर झळकले आणि घराघरांत पोहोचले. अंधांसाठी काम करणाऱ्या रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंड या संस्थेने पुढे याच अस्वलाला मदतीला घेतले. दुकानांच्या दाराशी उभ्या असलेल्या सूटीच्या दानपेट्या इथल्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या लोकांना अजून आठवतात. आईने दिलेले नाणे त्या पेटीत टाकण्यासाठी पोरे हट्ट धरत, असे विक्रेते सांगतात. मला या छंदात रस वाटतो तो इथेच. एरवी दानाच्या जाहिरातीत मूल हे केवळ कीव करण्याजोगे चित्र म्हणून येते. इथे मात्र ते स्वतः देणारे होते आणि मिळालेला बिल्ला मोठ्यांच्या तोऱ्यात छातीवर मिरवत होते.

हे मुलांना हाताशी धरणे सूटीच्याही आधीचे आहे. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रात 12 मे 1919 पासून पिप नावाचा कुत्रा, स्क्वीक नावाचे पेंग्विन आणि विल्फ्रेड नावाचे सशाचे पिल्लू यांची चित्रमालिका येऊ लागली. ती एवढी गाजली की महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना मिळणाऱ्या तीन पदकांच्या संचालाही लोक याच तीन नावांनी ओळखू लागले. (त्या युद्धात लढलेल्या मराठा पलटणींतील सैनिकांनाही ही पदके मिळाली होती, साताऱ्याकडच्या एखाद्या घरातल्या ट्रंकेत ती आजही असतील, फक्त तिथे त्यांना कोणी पिप आणि स्क्वीक म्हणत नसेल.) 1927 साली या मालिकेच्या बालवाचकांचा एक संघ निघाला. त्या संघाने मुलांच्या इस्पितळांसाठी पैसे उभे केले आणि सभासदांना विल्फ्रेडच्या लांब कानांचा निळ्या मिन्याचा, म्हणजे धातूवर वितळवलेल्या रंगीत काचेचा, बिल्ला दिला. पदकांच्या व्यापाऱ्यांकडे तो अधूनमधून दिसतो, पण त्याची किंमत ऐकून मी आजवर हात मागेच घेतला आहे.

असे जुने बिल्ले बहुधा बर्मिंगहॅमच्या जवाहिऱ्यांच्या वस्तीत किंवा इकडे ब्रॅडफर्डला फॅटोरिनी घराण्याच्या कारखान्यात घडले. (फुटबॉलचा 1911 सालचा एफए कपही त्याच फॅटोरिनींनी घडवला आणि त्याच वर्षी तो ब्रॅडफर्ड सिटीनेच जिंकला, हे इथले लोक तुम्हाला न विचारता सांगतात.) तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर ठशाने आकृती उठवायची, खोलगट भागात रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत ती वितळवायची आणि थंड झाल्यावर घासून सपाट करायची, अशी ती पद्धत होती. दोन रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये धातूची बारीक रेघ ठेवलेली असते. सूटीच्या काळ्या कानाभोवती ती बोटाला हलकेच जाणवते. खरा मिना स्पर्शाला काचेसारखा गार लागतो आणि त्यावर नखाचा ओरखडा उठत नाही. अलीकडच्या राळेच्या नकला मऊ आणि फुगीर दिसतात. मागची बाजू उलटून कारागिराचे नाव पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

त्याच डब्यांमध्ये एका मुरंब्याच्या कंपनीचे काळ्या बाहुलीचे बिल्ले हमखास असतात आणि संग्राहक त्यांना चांगली किंमतही देतात. ते धर्मादाय नव्हते, जाहिरातीचे होते, आणि काळ्या माणसाची चेष्टा करणारी ती बाहुली कंपनीने 2001 च्या सुमारास बंद केली. मी ते घेत नाही. ‘त्या काळी कोणाला वाईट वाटत नसे’ असे विक्रेता म्हणाला, तर ज्यांना वाईट वाटत होते त्यांना कोणी विचारलेच नव्हते, एवढेच उत्तर देतो.

पड्झी अस्वलाची गोष्ट त्या मानाने ताजी आहे. गरजू मुलांसाठी निधी जमवणाऱ्या बीबीसीच्या ‘चिल्ड्रन इन नीड’ या उपक्रमासाठी जोआना लेन या कलाकार महिलेने 1985 साली डोळ्यावर पट्टी बांधलेले हे अस्वल रेखाटले आणि त्याला आपल्या गावाचे नाव दिले. ते पड्झी गाव लीड्सला लागूनच आहे. पहिले अस्वल तपकिरी होते, पुढच्या वर्षीपासून ते पिवळे झाले. त्याचे बिल्ले लाखांनी निघाले असावेत, त्यामुळे बहुतेकांना फारशी किंमत येत नाही, आणि नव्या संग्राहकाने तिथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे: नाण्यांच्या मोबदल्यात मूठभर मिळतात, आणि इंग्लंडच्या दमट घरात गंजू न देता बिल्ले कसे ठेवायचे हे त्यांच्यावर शिकता येते.