बागेत रात्री कोण येऊन गेलं?

बागेत येणारे बरेचसे प्राणी आपल्याला दिसतच नाहीत. उदमांजर आपण गाढ झोपेत असताना कंपाउंडच्या भिंतीवरून जातं, वटवाघूळ अंधारात बदामाचं फळ तोडून नेतं, भेक, म्हणजे अंगावर चामखिळी असलेला जाड बेडूक, दिवे मालवले की कुंडीमागे परत जाऊन बसतो. मागे राहतात त्या खुणा: कुरतडलेलं पान, लेंडी, चोथा, कात, मातीतला ठसा. त्या वाचता यायला लागल्या की घराभोवती किती जण नांदतात ते कळतं, आणि निम्म्या फवारण्या आपोआप थांबतात. बागेतलं सगळ्यात जास्त नुकसान खूण चुकीची वाचल्यामुळे होतं, असं माझं ठाम मत आहे.

बघायची वेळ सकाळी साडेसहा-सात, झाडलोट करायच्या आणि पाणी घालायच्या आधी. एकदा झाडू फिरला की रात्रीची सगळी नोंद गेली. त्या वेळी ऊन तिरपं असल्यामुळे मातीतले ठसेही उठून दिसतात. फोटो काढताना शेजारी दहाचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणजे माप नंतरही काढता येतं. नुसत्या फोटोवरून लेंडी उंदराची की घुशीची, हे कुणालाच सांगता येत नाही.

गुलाबापासून सुरुवात करू. पानाच्या कडेला कंपासने आखून कापावा तसा स्वच्छ अर्धगोल दिसला की लोक अळी समजून औषध मारतात. अळी असं खात नाही. तिची कड ओबडधोबड असते, जाड शिरा मागे राहतात आणि खालच्या पानांवर लेंड्या पडलेल्या असतात. स्वच्छ अर्धगोल, एका पानावर दोन-तीन, आणि खाली काहीच नाही, तर ते काम पानं कापणाऱ्या मधमाशीचं. ही माशी एकटी राहते, पोळं करत नाही. पान ती खातच नाही; लंबगोल तुकड्यांनी अंड्याच्या खोलीच्या भिंती मढवते आणि पूर्ण गोल तुकड्यांनी झाकण लावते. प्रत्येक खोलीत पराग आणि मध मळून केलेला गोळा आणि त्यावर एक अंडं. चार पानं कापल्याने गुलाबाचं काही बिघडत नाही, उलट परागीभवन करणारी एक माशी आपल्याकडे राहायला आलेली असते.

तिला घर द्यायचं असेल तर वाळलेल्या बांबूच्या १५ सेंटिमीटर लांबीच्या नळ्या घ्या, भोक ६ ते १० मिलिमीटर, एक टोक पेराने बंद असलेलं. दहा-बारा नळ्यांची मोळी वळचणीखाली, सकाळचं ऊन लागेल अशा जागी, तोंड किंचित खाली झुकवून घट्ट बांधा. यात तीन चुका नेहमी होतात. बांबू ओला असला तर आत बुरशी येते, दोन्ही टोकं उघडी राहिली तर माशी फिरकत नाही, आणि मोळी वाऱ्यावर हलत असेल तरी नाही.

पहिल्या पावसानंतर मात्र गुलाबाची, बोराची, कडुनिंबाची पानं एका रात्रीत फाटक्या कडांनी खाल्ली गेली असतील, तर ते हुमणीचे भुंगेरे. रात्री आठच्या सुमारास टॉर्च घेऊन बघा, पानांवरच सापडतील. फांदी हलवून साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडले की काम झालं.

आता कढीपत्ता. कोवळी पानं गायब झालेली आणि खालच्या पानांवर काळपट हिरवे दाणे पडलेले असतील, तर त्या दाण्यांच्या बरोबर वर बघा. लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखरांची अळी तिथे असते. लहानपणी ती तपकिरी-काळी, मधे पांढरा पट्टा असलेली, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी. म्हणूनच ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसू शकते. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते आणि चार सेंटिमीटरच्या आसपास वाढते. बोटाने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दुभागलेलं तांबूस शिंगासारखं काहीतरी बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. चावत नाही, डंखही मारत नाही.

अडचण एवढीच, की खाणं बहुतेक सगळं शेवटच्या चार-पाच दिवसांत होतं. दीड-दोन फुटांचं कुंडीतलं झाड तीन-चार मोठ्या अळ्या बोडकं करू शकतात. अशा वेळी अळी ओढून काढू नका. ती पानाला घट्ट धरून असते आणि ओढताना फाटते. ती बसलेली डहाळी कात्रीने कापा आणि मोठ्या कढीपत्त्याला किंवा लिंबाला टाचणीने टोचून ठेवा, अळी आपली आपण नव्या पानावर जाते. बोडकं झालेलं झाडही मुळं निरोगी असतील तर पुन्हा फुटतं. त्या दिवसांत पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, कारण पानं नसताना झाड पाणी ओढत नाही आणि मुळं कुजतात.

कोष शोधायला झाडावर जाऊ नका, तो बऱ्याचदा शेजारच्या भिंतीवर, ग्रिलवर किंवा कुंडीच्या कडेखाली असतो. शेपटीकडून चिकटलेला आणि मधे रेशमाच्या एका धाग्याने कमरपट्ट्यासारखा बांधलेला. हिरव्या फांदीवर हिरवा, भिंतीवर किंवा वाळक्या काडीवर तपकिरी. फुलपाखरू बाहेर यायच्या आदल्या दिवशी कवच पारदर्शक होतं आणि आतल्या पंखांची नक्षी दिसते. कोषाच्या बाजूला बारीक गोल भोक असेल तर मात्र आतून गांधीलमाशीच्या जातीची परजीवी माशी निघून गेली. वाईट वाटतं, पण अळ्यांची संख्या आटोक्यात राहते ती या माशीमुळेच. ब्लू मॉर्मन हे २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, त्याची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. त्यामुळे लिंबावर कीटकनाशक मारण्याआधी पानं उलटसुलट करून बघाच.

लेंड्यांचा विषय किळसवाणा वाटेल, पण सगळ्यात खरी माहिती तिथेच मिळते. व्हरांड्यात काळी बारीक लेंडी आहे आणि तिच्या एका टोकाला खडूसारखा पांढरा ठिपका आहे? मग ती पालीची. पाली आणि पक्षी लघवीऐवजी तो पांढरा भाग टाकतात. उंदराच्या लेंडीला पांढरं टोक कधीच नसतं. लहान उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, घुशीची दीड-दोन सेंटिमीटर. आणि पावसाळ्यात व्हरांड्यातल्या दिव्याखाली बोटाच्या पेराएवढी, काळी, चमकदार विष्ठा सापडते, ती बघून लोक हमखास घुशीचं औषध आणतात. ती असते भेकाची. खात्री करायची असेल तर काडीने ती वाटीभर पाण्यात सोडा. विरघळली की तळाशी मुंग्यांची डोकी, भुंगेऱ्यांचे टणक पंख, चकाकणारे तुकडे दिसतात. एवढं कीटक खाणारं जनावर फुकटात मिळालं असताना घुशीचं विष ठेवणं हा अन्याय आहे. तसंच चिचुंद्रीचं. तोंड लांब टोकदार, डोळे बारीक, अंगाला उग्र वास. ती उंदीर नाही. मुख्यतः झुरळं आणि किडे खाते.

भिंतीच्या माथ्यावर किंवा गच्चीच्या कोपऱ्यात, त्याच त्या जागी, अख्ख्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर, कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात ते. उंबर, जांभूळ, चिकू, भेरली माड यांच्या बिया जशाच्या तशा बाहेर पडतात आणि रुजतातही. मुंगसाची विष्ठा जमिनीवर उघड्यात असते. तिच्यात केस आणि किड्यांचे तुकडे जास्त.

फळांचं वाचन वेगळं. देशी बदामाच्या चघळलेल्या बिया आणि चोथ्याचे चपटे गोळे एकाच जागी पडत असतील, तर वर वटवाघळाची बसायची जागा आहे. ते फळ तोडतं, दुसरीकडे नेऊन चावतं, रस गिळतं आणि चोथा थुंकतं. पावसाळ्यात पोर्चखाली अशोकाच्या बियांचा ढीग साचतो तो यामुळेच. हा कचरा कोरडा झाडू नका. पाणी शिंपडून, हातमोजे घालून भरा. वटवाघळाने चावलेलं फळ, मग ते कितीही चांगलं दिसो, खायचं नाही. पेरूवर रुंद चावे आणि गराचा सडा असेल तर पोपट. अरुंद, जोडीने उठलेले दातांचे चरे असतील तर खार.

पानं एकमेकांना जोडलेली दिसली तर थांबा. पानात बारीक भोकं पाडून कापूस किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवलेले आणि धाग्याची टोकं बाहेर फुलासारखी पिंजारलेली असतील, तर ते शिंपी पक्ष्याचं घरटं. जास्वंद, पेरू, लिंबू, अंजीर यांवर कमरेएवढ्या उंचीलाही असतं, आणि पान जिवंत हिरवंच असल्यामुळे छाटणीत नकळत कापलं जातं. पांढऱ्या रेशमी पापुद्र्याने सांधलेली बरीच पानं असतील तर त्या लाल मुंग्या, कोकणातल्या ओंबील. हात लावू नका. आत जाळं आणि लेंड्या असतील तर पान गुंडाळणारी अळी. शिंप्याचं घरटं असेल तर अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात, तेवढा काळ त्या फांदीची छाटणी पुढे ढकला. फोटोसाठी पानं बाजूला सारू नका. सावली हटली की पिल्लं उन्हाने मरतात, आणि भारद्वाज, टकाचोर नेमकी तीच फट शोधतात.

सापाची कात सापडली तर घाबरण्याआधी तिचं डोकं शोधा. डोक्यावर मोठ्या ढालींसारखे खवले असतील तर धामण, नाग, मण्यार किंवा दुसरे बरेच साप. बारीक खवलेच असतील तर घोणस किंवा फुरसं असू शकतं. पाठीच्या मधोमध षटकोनी, इतरांपेक्षा मोठ्या खवल्यांची ओळ ही मण्यारीची खूण. कात निघताना ताणली जाते, त्यामुळे साप तिच्याहून आखूडच असतो. ओलसर, मऊ कात ताजी, कुरकुरीत जुनी. ती साप येऊन गेल्याचं सांगते, राहतोय असं नाही. तो कशासाठी आला हे पाहा: विटांचा ढीग, घुशीचं बीळ, कोंबड्यांच्या खाद्यावर येणारे उंदीर. ते हटवा, बिळात हात घालू नका, आणि साप दिसलाच तर सर्पमित्राला बोलवा.

आणि झाडू घेऊन जळमटं काढताना एक गोष्ट. तारेला किंवा बोगनवेलीच्या टोकाला कचऱ्याची लोंबती पिशवी दिसते: काड्या, सालीचे तुकडे, अळीच्या लेंड्या, सगळं कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं. ती हलकेच खालून बघा. एका बाजूला भोक आणि त्यावर छोटंसं छज्जं असेल, तर ते शिंजीर पक्ष्याचं घरटं. वीस मिनिटं लांब उभे राहा. मादी आत-बाहेर करत असेल तर झाडू महिनाभर दुसरीकडे फिरवा.