पट्टा हातात आला

शनिवार, रात्री

आज वस्तादांनी पहिल्यांदा दांडपट्टा हातात दिला. आतापर्यंत नुसती काठी आणि पवित्रे, पवित्रे आणि काठी. खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात कोपरापर्यंत आत जातो, आडवी मूठ धरली की मनगट जवळजवळ बंदच. पुढं लांबलचक लवलवतं पातं. तलवारीला मनगटाची करामत चालते, इथं नाही. वार खांद्यातनं, कमरेतनं काढायचा आणि खरं तर पायातनं. पवित्रा चुकला की पातं आपल्याच पोटरीकडं वळतं. सरावाचं बोथट असतं म्हणून बरं.

"ताई, हात पळवू नका. आधी पाय येऊ द्यात, हात येतोय मागनं."

बँकेत दिवसभर माझं उलटं चालतं. शिक्का, सही, माऊस, सगळं मनगटावर. आणि तोंडही तसंच, समोरचा बोलायच्या आत उत्तर तयार.

२०२४ मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून बघे वाढलेत. शिवजयंतीला मिरवणुकीत पट्टा फिरला की सगळे मोबाइल वर. त्यामागचे रोजचे पवित्रे बघायला मात्र कुणी येत नाही. येण्यासारखं त्यात काही नसतंही म्हणा.

शेवटी लिंबू काढणी झाली. शाळेतली एक पोरगी तळहातावर लिंबू घेऊन उभी राहिली. पातं फिरलं, दोन फोडी मातीत पडल्या, हातावर नुसता रस. भीती नाही वाटत का, विचारलं तर म्हणाली, "हात हलवला तरच लागतंय." मग लिंबू माझ्यापुढं धरलं. मी सरळ नाही म्हटलं. वस्ताद हसले नाहीत, आग्रहही केला नाही.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत सांगतात तसं धैर्यबिर्य माझ्यात काही आलेलं नाही. एवढं मात्र झालंय : परवा साहेब आवाज चढवून बोलायला लागले, तेव्हा आधी लक्ष गेलं ते स्वतःच्या पायांकडं. सगळा भार चवड्यांवर, जणू आत्ताच धावून जाणार. टाचा टेकवल्या, श्वास सोडला, मग बोलले. साहेबांचा आवाज काही उतरला नाही, पण जे सांगायचं होतं ते मला धड सांगता आलं.

दंड आत्तापासूनच ठणकायला लागलाय. उद्या पुन्हा काठीच. पोरांच्या आधी पोचले तर भिंतीकडची सपाट जागा मिळेल.