फूल नका देखू, जॉइंट देखा

लाकडी जिगसॉ पझल लावायला खानदेशातला मे महिना उत्तम. अमळनेरला दुपारी बारा ते पाच कुणी कुणाकडे जात नाही, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला असतो, आणि पंखा पाचवर ठेवला तरी लाकडाचे तुकडे जागचे हलत नाहीत. पुठ्ठ्याच्या पझलचं तसं नसतं. वीज येते-जाते, पंखा एकदम सुरू होतो आणि चार तुकडे कपाटाखाली जातात.

हे पझल पुण्याच्या भाचीने पाठवलं होतं. पाचशे तुकडे, पातळ प्लायवूडचे, लेझरने कापलेले. डबा उघडल्याबरोबर जळक्या लाकडाचा वास आला. कडा काळपट होत्या आणि थोड्या वेळात बोटांची टोकंही काळी झाली. कोरड्या सुती फडक्याने तुकडे पुसून घेतले की हा त्रास संपतो. ओलं फडकं लावायचं नाही, प्लायवूड पाणी पितं. त्याच कारणाने कूलरची झोतही दुसरीकडे वळवून ठेवली.

चित्र होतं तुर्कस्तानातल्या इझनिकच्या टाइल्सचं. ट्यूलिप, कार्नेशन, गुलाबाच्या कळ्या, दातेरी कडांची लांब वाकडी पानं. पांढऱ्या जमिनीवर गडद निळा, फिरोजी, हिरवा आणि टोमॅटोसारखा लाल. सोळाव्या शतकात तिथल्या कारागिरांनी या टाइल्स सुलतानाच्या महालांसाठी आणि मशिदींसाठी बनवल्या. इस्तंबूलची रुस्तुम पाशा मशीद 1560 च्या दशकातली, तिच्या भिंती अशाच टाइल्सनी मढवलेल्या आहेत. मूळ टाइलवर तो लाल रंग जरा जाड बसतो, झिलईखालीही बोटाला उंचवटा लागतो. लाकडावरच्या छपाईत तो अर्थातच सपाट झालाय. एवढं महागाचं पझल, निदान लाल तरी नीट छापायचा! आमच्या तुकड्यांवर तो विटकरीकडे झुकला होता.

पझल मांडायला जागा म्हणून कॅरमबोर्ड घेतला. बोरिक पावडर झटकली, कापड फिरवलं, की याच्यासारखी सोय नाही. चौऱ्याहत्तर सेंटीमीटरचा चौकोन, चारी बाजूंनी लाकडी कठडा, आणि पाहुणे आले की सगळं जसंच्या तसं दिवाणाखाली सरकवता येतं. तुकडे निवडायला स्टीलच्या ताटल्या.

आता खरी अडचण. निसर्गदृश्याच्या पझलला आकाश वेगळं काढा, पाणी वेगळं काढा, झाडं वेगळी काढा, म्हणजे निम्मं काम होतं. इथे रंगावरून तुकडे वेगळे केले तर निळ्याची ताटली, लालची ताटली असे ढीग झाले, पण कुठलाच ढीग चित्रातल्या एका जागेचा नव्हता. निळी पाकळी वर डावीकडे आहे, मध्ये आहे आणि खाली उजवीकडेही आहे. एकच नक्षी टाइलमागून टाइल फिरून येते. सोबतच्या पोस्टकार्डाएवढ्या चित्राकडे बघून काय उपयोग? तुकडा हातात धरला की सहा ठिकाणी बसेलसा वाटतो. कडेपासून सुरुवात करावी, तर लाकडी पझलवाले कोपरेसुद्धा दोन तुकड्यांत चिरून ठेवतात. शिवाय मधूनमधून पक्षी, सुरई, चंद्रकोर अशा आकारांचे तुकडे. यात फुलाच्या आकाराचा तुकडा फुलावरच बसतो असंही नाही.

यातून वाट दाखवली ती मिस्त्रींनी. त्याच दिवसांत आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यामागच्या भिंतीला टाइल बसत होत्या. मिस्त्री दुपारी जेवून हॉलमध्ये पंख्याखाली टेकायचे. पहिल्यांदा त्यांनी कॅरमबोर्डावर नुसती नजर टाकली. दुसऱ्या दिवशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, फूल नका देखू. जॉइंट देखा."

चित्र टाइल्सचं होतं, म्हणजे त्यात टाइल्समधले सांधे होते. केसाएवढ्या बारीक राखाडी रेघा, आडव्या आणि उभ्या. माझं लक्ष फुलांवर असल्याने त्या रेघा मला चित्रावरचे चरे वाटल्या होत्या. मिस्त्रींनी रेघ असलेला एकेक तुकडा उचलून वेगळ्या ताटलीत टाकला. दोन रेघा एकमेकींना कापतात असे तुकडे मोजकेच निघाले. ते चार टाइल्स भेटतात तिथले. ते आधी बोर्डावर अंतराअंतराने मांडले आणि मग त्यांच्यामध्ये एकेरी रेघांचे तुकडे जोडत गेले. अख्ख्या भिंतीची जाळी तयार झाली. फूल एकही नाही, नुसती जाळी.

कडेपासून का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, डिझाइनची टाइल भिंतीच्या कोपऱ्यातून सुरू करतच नाहीत. मध्य काढायचा, दोरी धरायची, मधून बाहेर जायचं. म्हणजे कापाकापी दोन्ही कडांना सारखी येते आणि मधलं फूल तुटत नाही. इझनिकच्या नक्षीतही हेच. बरीचशी फुलं एका टाइलमध्ये मावतच नाहीत, अर्धी इकडे, अर्धी पलीकडच्या टाइलवर. सांधा फुलाच्या मधोमध जातो. त्यामुळे एकदा सांधा जागेवर बसला की दोन्ही बाजूंच्या पाकळ्या आपोआप कळतात. एरवी चिडवणारी नक्षी इथे कामाला आली.

तरी प्रत्येक चौकटीच्या पोटातले तुकडे उरलेच. ते कुठल्या टाइलचे हे ओळखायचं कसं? इथे सासूबाई कामी आल्या. त्यांचा जन्म धुळ्याचा, तरुणपणी भरतकामाच्या ऑर्डरी घ्यायच्या. चष्मा पुसत त्यांनी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "हाई पान तेन्हा हातनं नही." म्हणजे हे पान त्याच्या हातचं नाही. खरंच, एका पानाची काळी बाह्यरेषा शेवटी जाड होत थांबली होती, दुसऱ्याची निमुळती होत निघून गेली होती. इझनिकचे कारागीर कागदावर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईने भोकं पाडत, कागद टाइलवर ठेवून कोळशाची पूड आपटत आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून कुंचल्याने रेषा ओढत. सासूबाईंची पद्धत तीच, फक्त कोळशाऐवजी रॉकेलमध्ये कालवलेली नीळ आणि कापडाचा बोळा. खाका एकच, पण रेषा दर वेळी हाताने, म्हणून दर वेळी जरा वेगळी. शेजारी उघडलेल्या खोक्यातल्या, गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स मात्र मशीनवर छापलेल्या, ठिपक्याला ठिपका जुळणाऱ्या. त्यांचं पझल कुणी काढलं तर ते निव्वळ लाकडाच्या आकारावरच लावावं लागेल.

मग कामाची पद्धतच बदलली. रंग बाजूला, आधी रेषेची जाडी. निळा देठाजवळ साचलाय का, लाल रेषेबाहेर गेलाय का, पानाचे दाते टोकदार की बोथट. अशी एकेक टाइल भरत गेले. पांढरी जमीन सगळ्यात शेवटी, ती नुसती आकारावरून. तिथे सांगण्यासारखं काही नाही, तुकडा फिरवत राहायचा. पझलच्या धंद्याची सुरुवातच मुळी सोप्या कापणीने झाली होती. 1760 च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवर कापले, मुलांना भूगोल शिकवायला. सीमेवरून देश ओळखू येतो. पांढऱ्या जमिनीला सीमा नसते.

पूर्ण झाल्यावर घरात दोन पक्ष पडले. फेव्हिकॉल लावून फ्रेम करा, असं यजमानांचं मत. मिस्त्री म्हणाले, ओट्यामागे लावा, वरून काच टाकून देतो. मला ते पटलं नाही. फोडणीच्या वाफेत प्लायवूड किती दिवस टिकणार? आणि चिकटवलं की ते पझल राहतच नाही. मी पझल मोडलं, तुकडे शिवलेल्या पिशवीत भरले आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या नणंदेबरोबर नंदुरबारला पाठवून दिले. पोस्टकार्डही दिलं. जॉइंटची युक्ती तेवढी सांगितली नाही. परवा तिचा फोन आला होता, निळ्याची ताटली वेगळी काढली म्हणे.