मे १९७७, बफेलो : एका कॅसेटची वंशावळ

मे महिन्यात ठरवलं होतं की ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या १९७७ च्या वसंत दौऱ्याचा, म्हणजे त्यातल्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगचा, माझा संग्रह पावसाळ्याआधी नीट लावून टाकायचा. ते काम एप्रिलच्या कार्यक्रमांपुढे सरकलं नाही, कारण जून आणि जुलै एकाच कॅसेटीत गेले. पण या दोन महिन्यांत जे शिकलो ते गेल्या चार वर्षांत शिकलो नव्हतो, म्हणून सविस्तर लिहितो.

न्यू जर्सीतल्या मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, घर बदलताना माळ्यावरचा एक खोका मला दिला. ऐंशीच्या दशकात तो तिकडे शिकायला गेला, तेव्हा रूममेटने त्याला करून दिलेल्या कॅसेटी त्यात होत्या. अकरापैकी तीन आपल्या कामाच्या. एकीवर पेन्सिलने फक्त '५/९/७७ बफ' एवढंच. मी ती यादीत सप्टेंबरखाली टाकली आणि दोन वर्षं तिकडे बघितलंही नाही. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, हे माहीत असूनही हात आपल्या सवयीने चालला. ती ९ मे होती, बफेलोच्या मेमोरियल ऑडिटोरियममधली. जुने संग्राहक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस का लिहितात ते आता पुरतं पटलंय. माझी सगळी यादी मी तशी बदलून घेतली.

डोंबिवलीच्या दोन पावसाळ्यांनी व्हायचं ते केलं होतं. टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी, आणि टेप हेडवर, म्हणजे डेकच्या टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडलेला. अशी टेप एकदा वाजवून बघू, असं कृपया कोणी करू नका. बुरशी डेकमध्ये जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तोंडाला मास्क लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या मऊ कापडातून सगळी टेप हाताने सावकाश फिरवली. दोन्ही रिळं एका कोऱ्या, स्क्रूवाल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. मग आठवडाभर सिलिका जेलच्या डब्यात.

वाजवताना पहिली पंधरा मिनिटं फक्त हेडचा कोन जुळवण्यात गेली. ज्या डेकवर कॉपी झाली त्याच्या हेडचा तिरकेपणा आणि आपल्या डेकचा तिरकेपणा जुळला नाही, तर झांजांची चमकच जाते. दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकायचं आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने आवाज सर्वांत खुलेल तिथे थांबायचं. कॉपी करताना डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, वापरली होती का, हे लेबलवर नाही, म्हणून डॉल्बी बंद ठेवूनच २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवणारी डिजिटल फाइल, करून ठेवली. तो निर्णय नंतरही घेता येतो.

आता मुख्य गोष्ट. ही कॅसेट मूळ टेपपासून, म्हणजे प्रेक्षकांत माइक धरून केलेल्या रेकॉर्डिंगपासून, कितव्या पिढीची, म्हणजे कॉपीची कॉपी धरून कितवी? प्रत्येक कॉपीत थोडा हिस, म्हणजे टेपचा सूंऽऽ आवाज, वाढतो, पण हिस मोजून पिढी सांगता येत नाही. मला उत्तर मिळालं विजेच्या गुणगुणीतून. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात, खालच्या टोकाला बघितलं तर तीन रेघा दिसल्या : बरोबर ५०, मग ६०.९ आणि ६१.६. टेप थांबवली तरी ५० ची राहते, म्हणजे ती माझ्या घरातली. अर्थिंगची वायर बदलल्यावर ती गेली. उरलेल्या दोन वेगवेगळ्या वेळी टेपवर आल्या आहेत. त्याच कार्यक्रमाच्या अधिकृत अल्बमशी पहिलं गाणं ताडून बघितलं, तर माझी टेप २.७ टक्के जास्त वेगाने धावत होती. कोमल आणि शुद्ध स्वरांतल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढी. दहा मिनिटांचं वादन पंधरा-सोळा सेकंदांनी लवकर संपायचं. ६० ला २.७ टक्के वाढवा, ६१.६ येतात. म्हणजे ती रेघ त्या रात्रीच्या सभागृहातली, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरमधून आलेली, आणि ६०.९ ची नंतर कुठल्या तरी खोलीत कॉपी करताना लागलेली. म्हणजे मूळ टेप आणि ही कॅसेट यांच्यामध्ये निदान एक डेक विजेवर चाललेला होता. हे कळलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं.

वेग दुरुस्त करून ऐकली. 'हेल्प ऑन द वे' हे पहिलं गाणं सुरू होण्याआधी माइकजवळचा एक माणूस मित्राला हाका मारतो. हीच हाक माझ्याकडे आधीपासून असलेल्या, याच कार्यक्रमाच्या जुन्या प्रतीतही आहे. म्हणजे हे नवं रेकॉर्डिंग नाही, मूळ टेप तीच. मन थोडं खट्टू झालं. पण जुन्या प्रतीत, पहिली बाजू संपून टेप उलटताना गेलेला भाग कोणीतरी साउंडबोर्डवरून, म्हणजे थेट बँडच्या मिक्सरमधून केलेल्या रेकॉर्डिंगवरून, घेऊन जोडला होता आणि तसं कुठे लिहिलं नव्हतं. माझ्या कॅसेटीत तो तुटका सांधा जसाच्या तसा आहे. मूळ काय आणि ठिगळ काय, ते आता दाखवता येतं.

अधिकृत, स्वच्छ अल्बम असताना हे कशाला, असं नवे लोक विचारतात. ९ मे आणि त्याच्या आदल्या रात्रीचा कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला कार्यक्रम, दोन्ही २०१७ मध्ये निघाले ते बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेल्या साउंडबोर्ड टेपवरून. त्या टेप बँडच्या तिजोरीत नव्हत्याच. भाड्याच्या गोदामाचे पैसे थकले आणि १९८६ मध्ये त्या लिलावात गेल्या. पुढे त्यांच्या प्रती रसिकांच्या हातोहात फिरल्या, दोन कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च एवढ्याच मोबदल्यात. कारण विकायचं नाही, हा नियम या मंडळींनी स्वतःच जपला. बँडने तर १९८४ च्या ऑक्टोबरपासून टेपरांसाठी, म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या रसिकांसाठी, कार्यक्रमात वेगळी जागाच राखून ठेवली. साउंडबोर्डमध्ये बँडच्या फिल लेशचा बेस गिटार बोटाबोटाने कळतो, पण सभागृह नसतं. ऑडियन्स टेपमध्ये, म्हणजे प्रेक्षकांतून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, गिटारवादक जेरी गार्सियाच्या एका स्वरावर हजारो माणसं एकदम उसळतात ते ऐकू येतं. मला दोन्ही हवीत. एकच निवडायची वेळ आली तर मी आता ऑडियन्स टेप निवडीन.

थोडं विषयांतर. कॉर्नेलच्या रात्री 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून ज्या 'फायर ऑन द माउंटन'मध्ये ते शिरतात, त्याचं आधीचं रूप १९७६ च्या 'डिगा' या अल्बमवर आहे. तो अल्बम बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट आणि आपल्या झाकीर हुसेन यांच्या तालवाद्यवृंदाचा. हार्ट १९६७ पासून अल्लारखांकडून शिकत होते. बँडचं 'प्लेइंग इन द बँड' हे गाणं दहा मात्रांत चालतं. बोटांवर मोजत ऐकून बघा, सम सापडली की अर्ध्या तासाचं वादनसुद्धा लांब वाटत नाही.

आपल्याकडेही खासगी बैठकींच्या किती कॅसेटी घराघरांत फिरल्या. वर फक्त रागाचं नाव, गाव नाही, साल नाही. लहानपणी काकांकडे अशा पन्नासेक होत्या आणि त्यांतल्या एकीचाही ठावठिकाणा आता लागणार नाही. त्यामुळे या बफेलोच्या कॅसेटीसोबतची मजकुराची फाइल मी गाण्यांच्या यादीइतकीच मन लावून लिहिली : अज्ञात माइक, अज्ञात डेक, निदान एक मधली प्रत, न्यू जर्सीतली कॅसेट, डोंबिवलीत साफसफाई आणि खोक्याची अदलाबदल, वेगदुरुस्ती २.७ टक्के, डॉल्बी अनिश्चित, सांधा न बुजवलेला. शेवटी चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या सेटची, म्हणजे मध्यंतरानंतरच्या भागाची, कॅसेट अजून सिलिका जेलमध्ये आहे. तिच्यावर बुरशी जास्त आहे आणि बाहेर पाऊस थांबत नाही, तेव्हा ती गणपतीनंतरच उघडीन. कोणाकडे ९ मेच्या ऑडियन्स टेपची प्रत असेल, तर पहिल्या बाजूच्या शेवटाशी ठिगळ आहे का तेवढं बघून सांगा.