स्क्रीन मध्येच काळी का होते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. क्विक असिस्टवरून, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, मित्राचा कॉम्प्युटर दुरुस्त करताना, ऐन इन्स्टॉलच्या वेळी आपल्याकडची स्क्रीन काळी होते. कनेक्शन तुटलंय असं वाटून बरेच जण तिथेच सगळं बंद करतात. तुटलेलं काही नसतं. 'या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?' हा प्रश्न विंडोज वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर विचारते आणि दूरच्या माणसाला तो मुद्दामच दाखवत नाही. नाहीतर गोड बोलून आत शिरलेल्या भामट्याने 'होय' स्वतःच दाबलं असतं. तेव्हा 'होय' मित्रानेच दाबायचं. त्याचं खातं अ‍ॅडमिनचं नसेल, तर अ‍ॅडमिनचा पासवर्डही त्यालाच टाकावा लागेल. हा प्रश्नच बंद करून टाका असा सल्ला सर्रास मिळतो. त्याच्या नादी लागू नका.

थोडक्यात, फोन चालू हवा आणि मित्र जागेवर हवा. 'तू बघ, मी आलोच' म्हणून तो उठला की काम अडलंच.

जोडणी सोपी आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकदम दाबलं की क्विक असिस्ट उघडतं. मदत करणाऱ्याने मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॉगिन करायचं. मिळालेला कोड 10 मिनिटंच चालतो. तो मेसेज करा, बोलून सांगितला तर बी आणि डीमध्ये घोळ होतो. आधी नुसती स्क्रीन दिसते, माउस हाती यायला मित्राची वेगळी परवानगी लागते.

मित्राकडे मॅक असेल तर दुसरं अ‍ॅप घ्यावं लागतं आणि गंमत वेगळीच होते. स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली नसेल तर आपल्याला नुसता वॉलपेपर दिसतो, उघड्या विंडो गायब. अ‍ॅक्सेसिबिलिटीची नसेल तर सगळं दिसतं, पण क्लिक लागत नाही. दोन्ही प्रायव्हसी सेटिंगमध्ये आहेत आणि परवानगी दिल्यावर बहुधा अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

दूरवरून काम करताना वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) काढणं म्हणजे बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. ड्रायव्हर गेला की जोडणी गेली, आणि नवा उतरवायला नेटही नाही. नवी फाइल आधी डाउनलोड करून डेस्कटॉपवर ठेवा, मोबाइलचं नेट यूएसबी केबलने जोडा, मगच हात घाला. बायोस (कॉम्प्युटर सुरू होतानाची मूळ सेटिंग) मात्र इकडून दिसतच नाही, कारण तिथे विंडोज सुरूच झालेली नसते. व्हिडिओ कॉल लावून मोबाइल स्क्रीनसमोर जरा तिरका धरायला सांगा. अगदी सरळ धरला तर चकाकीत अक्षरं वाचता येत नाहीत.